पल्याडची हजेरी

केशव मास्तर दरीकडे पाठ करून उभे राहत आणि दरीपलीकडच्या मुलांची हजेरी घेत.

हे वाक्य मी दोनदा तपासून लिहिले आहे. शाळा दरीच्या अलीकडच्या कड्यावर. पटावर एकतीस मुले. त्यांतली अठरा अलीकडच्या पाड्यातली, तेरा पल्याडच्या. पावसाळ्यात नदी फुगली की पल्याडच्यांना खाली उतरून वर येता येत नसे. मग ती आपल्या कड्यावर जमत, आणि मास्तर आपल्या कड्यावर हजेरीपट उघडून, पल्याडला पाठ दाखवून, अलीकडच्या अठरांकडे तोंड करून ओरडत, "लखमा वेडू!" पाठीमागून दरी ओलांडून "हजर" येई. मास्तर खूण करीत.

त्या काळी मी जव्हार संस्थानात शाळा तपासणीच्या कामावर कारकून होतो. तपासणी म्हटले की लोकांना मोठे काहीतरी वाटते. माझे काम मुले मोजण्याचे होते. मुले किती शिकली हे वरिष्ठ पाहत. किती आली हे मी. सोळा वर्षांत माझा आकडा कुणी खोटा ठरवला नव्हता आणि माझ्या कागदावर खाडाखोड कुणाला दिसली नव्हती. याचा मला थोडा अभिमान होता. आमची मंडळी म्हणत, "अहो, चपात्या तरी न मोजता खा."

केशव मास्तरांच्या शाळेची तपासणी माझ्याकडे आली ती एका वाईट कारणाने. वर्षातल्या तीन तपासण्यांची सरासरी विसाच्या खाली गेली तर शाळा बंद करायची, असा नियम होता. ही शाळा विसाच्या काठावर होती. दरीच्या काठावर असल्यामुळे असेल.

पहिल्यांदा गेलो तो फाल्गुनात. जव्हारहून मोखाडा, मोखाड्याहून खोडाळा, आणि खोडाळ्यापासून पुढे पायवाट. पायवाटेची पावले मोजायची माझी रीत अशी : हजार पावले झाली की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. शाळेपाशी पोचलो तेव्हा उजव्या खिशात नऊ चिंचोके होते आणि वर तीनशे चाळीस पावले. वाट दाखवायला पाड्यातला देवजी होता. तो म्हणाला, "साहेब, चिंचा इकडंबी गावतात. तिकडून कशाला आणल्या?"

शाळा म्हणजे कुडाची एक खोली आणि पुढे पडवी. खोलीच्या एका कोपऱ्यात मास्तरांची चूल, वळकटी आणि छत्री. संसार एवढाच. मास्तर पन्नाशीचे, उंच, काटक, आणि आवाज असा की त्यांनी मनाशी पुटपुटले तरी पल्याडच्या पाड्याला कळावे. देवजीने वाटेतच सांगितले होते, की मागच्या वर्षी मास्तर चुलीपाशी "मीठ संपलं वाटतं" असे स्वतःशी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पल्याडची एक म्हातारी मिठाची पुडी घेऊन नदी उतरून वर आली.

मला पाहताच मास्तर म्हणाले, "ऋतू चुकला, भाऊसाहेब!"

मी म्हणालो, "मी तपासणीला—"

"आत्ता काय बघणार तुम्ही? काळा दगड! दरी बघायची श्रावणात. बाई नटून बसलेली असते. फाल्गुनात यायचं म्हणजे लग्नघरी मांडव उतरल्यावर जेवायला यायचं. चला, आलाच आहात तर दाखवतो. जपून, तिथं भुसभुशीत आहे पायाखाली, दगड सुटतो—"

त्यांना विचारलेला प्रश्न कुणी पुरा केलेला मी कधी पाहिला नाही. आपण तोंड उघडले की ते उत्तर देऊ लागत. आणि बहुधा ते दुसऱ्याच प्रश्नाचे असे. बोलण्याचा सोस असलेली माणसे मी पुष्कळ पाहिली होती. त्यांतलेच हे एक, अशी मी मनात नोंद केली. ती नोंद चुकली.

दरी मात्र होती. आपण पठारावरून नीट सरळ चालत असावे आणि पुढचे पाऊल टाकायला जमीनच नसावी, अशी. काळ्या दगडाची सरळ तुटलेली भिंत, समोर तसलीच दुसरी, तळाशी नदीची चार डबकी, आणि कड्याच्या बेचक्यांत पेटल्यासारखे पळस. रुंदी किती, असे मी देवजीला विचारले. त्याने गोफण काढली, गरकन फिरवून दगड सोडला, आणि पल्याडच्या झाडीत तो पडल्याचा आवाज आल्यावर म्हणाला, "एवढी." गोफणीचा टप्पा हे माप माझ्या कोष्टकात नव्हते.

त्या दिवशी शाळेतली परिस्थिती अशी. पल्याडच्या पाड्यात आदल्या रात्री बोहाडा झाला होता. देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचली होती आणि ती बघायला दोन्ही कड्यांवरची मुले जागली होती. नदी कोरडी, उतरून येता येत होते. पण आली ती एकूण चौदा, आणि त्यांतली सहा पडवीत निजलेली. एकाच्या कानामागे अजून पिवळा रंग होता. मी मास्तरांना स्पष्ट सांगितले, की निजलेले मूल हजर धरता येणार नाही.

"बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशी आलात, भाऊसाहेब. त्यात वारा फार, ऐकू येत नाही. ऋतू चुकला," मास्तर म्हणाले, आणि हजेरी घेऊ लागले. निजलेल्या सहाही जणांनी आपापल्या नावाला डोळे न उघडता "हजर" म्हटले. नियमपुस्तक माझ्याजवळ होते. त्यात जागेपणाचा उल्लेख नव्हता. मी चौदा लिहिले.

चौदा म्हणजे वाईट. तीन तपासण्यांत साठ हवे होते. उरलेल्या दोहोंत शेहेचाळीस.

दुसऱ्यांदा गेलो श्रावणात. मास्तरांनीच तो ऋतू सांगितला होता, तेव्हा या वेळी तरी तक्रार नसावी असे मला वाटले. पाऊस असा होता की छत्री ही नुसती हातात धरायची वस्तू उरली. वाटेवर दोन ओढे वळसा घालून टाळावे लागले. चिंचोके अकरा भरले. शाळेपाशी पोचताच इरल्याखालून आवाज आला, "ऋतू चुकला, भाऊसाहेब!"

"श्रावणात या असं तुम्हीच—"

"श्रावणाच्या सुरुवातीला म्हटलं नव्हतं. सरता श्रावण हवा. आता नुसतं पाणी, काही ऐकू येत नाही! हिचं तोंड तरी दिसतंय का?"

खरेच दिसत नव्हते. दरीच्या जागी एक करडा पडदा आणि त्यामागे न थांबणारा गडगडाट. वरचा धबधबा दरीत पडत होता, त्याचा तो आवाज. या गडगडाटात, कड्यापासून चार हातांवर, दरीकडे पाठ करून मास्तर उभे राहिले. पडवीत अलीकडची बारा मुले बसली होती. पहिल्या रांगेत सोमी नावाची मुलगी, शाळेतली एकुलती एक. तिच्या कडेवर धाकटा भाऊ. तो पटावर नव्हता, म्हणून मी त्याला मोजला नाही.

"लखमा वेडू!"

पाणी. पाणी. मग पाण्याच्या मधून, सुईने दोरा काढावा तसे, "हजऽऽर."

मास्तर क्षणभर वर्गाकडे पाहत राहिले. मग खूण.

तेरा नावांपैकी दहांना उत्तर आले. दहाही मी कानाने मोजली. तिघांना आले नाही. मास्तरांनी तिथे गैरहजर लिहिले. एकदाही चुकले नाहीत. मला हे विशेष वाटले, कारण मी हात कानामागे धरून, मान पुढे काढून जे मुश्किलीने ऐकत होतो, ते हा माणूस पाठमोरा उभा राहून सहज ऐकत होता.

मी जवळ जाऊन मोठ्याने विचारले, "मास्तर, दरीकडे तोंड करून का घेत नाही हजेरी?"

या वेळी त्यांनी प्रश्न पुरा होऊ दिला. माझ्या तोंडाकडे पाहत होते. म्हणाले, "वर्गाकडे पाठ केली तर वर्ग पळतो. दरी कुठं पळते?"

मी ते टिपून घेतले.

नंतर पाढे झाले. मास्तर ओरडत, "पावकी! सोळा पाव?" पल्याडून उत्तर येई, "चाऽऽर!" अलीकडची मुले माना डोलावीत, मास्तर पुढचा प्रश्न टाकीत. एकदा पल्याडून कुणीतरी "पाऽऽच" म्हणाला. पडवीतल्या बाराही माना आडव्या हलल्या आणि मास्तर गर्जले, "कोण तो? परत म्हण!" चार महिने दरीच्या दोन काठांवर बसून अशी पावकी, निमकी, पाऊणकी चालत असे. पल्याडची भाताची लावणी करणारी माणसेही चिखलात उभी राहून म्हणत. देवजीला अक्षर येत नव्हते. पण पाऊणकी त्याची तोंडपाठ होती. "कानात जाती ती जाती," तो म्हणाला. "कुठं अडवू?"

मुले माना फार हलवतात, हे माझ्या लक्षात आले होते. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले : 'विद्यार्थ्यांत नम्रता आढळली.'

आकडा बावीस. बारा अलीकडे, दहा पल्याड. पण पल्याडचे दहा धरावेत की नाही, याने मला परतीच्या वाटेवर छळले. जव्हारला येऊन नियमपुस्तक काढले. त्यात होते : 'नाव पुकारले असता जे मूल उत्तर देईल ते हजर समजावे.' भिंतीचा उल्लेख नव्हता. छपराचा नव्हता. नदीचा नव्हता. मी वरिष्ठांकडे गेलो. ते म्हणाले, "नियमात आहे तेवढं बघा." मी तेवढे पाहिले आणि बावीस कायम केले. घरी सांगितले तेव्हा आमची मंडळी म्हणाल्या, "म्हणजे मी परसातून ओ दिली तर मी स्वयंपाकघरात हजर?" मी म्हणालो, नियमाप्रमाणे, होय.

चौदा आणि बावीस, छत्तीस. आता चोवीस हवे होते. एकही कमी चालणार नव्हते.

तिसरी तपासणी कार्तिकात, दिवाळीनंतर. भात कापून झाले होते, नागलीची कणसे खुडायची चालली होती, आणि नदी अजून कमरेच्या वर होती. सकाळी धुके दरीतून वर येऊन कड्याशी थांबले होते, काठोकाठ भरलेल्या दुधासारखे. पल्याडचे काही दिसत नव्हते. धबधब्याचा आवाज बारीक झाला होता.

"ऋतू चुकला, भाऊसाहेब! दुपारी यायचं. धुकं आवाज खातं."

ते ऐकून मी थबकलो. माझ्या टिपणवहीत पूर्वीच्या दोन्ही भेटींची टिपणे होती. फाल्गुनात मास्तर म्हणाले होते, वारा फार आहे, ऐकू येत नाही. श्रावणात, पाणी फार आहे. आता, धुके. वाऱ्याची एक झुळूक नव्हती, पाणी निम्म्यावर आले होते, आणि मला समोरच्या कड्यावर कुणाचा तरी कोंबडा आरवलेला स्वच्छ ऐकू येत होता. तीन ऋतू, तीन कारणे, तक्रार एकच. असे तीन आकडे एका रांगेत आले की मी बेरीज केल्याशिवाय राहत नाही. पण त्या सकाळी मी ती अर्धीच सोडली. कामाची वेळ झाली होती.

माझ्या कर्तव्याचा एक भाग म्हणून मी मास्तरांना समोर उभे करून, एकेक शब्द मोठ्याने, परिस्थिती सांगितली. चोवीस लागतील. तेवीस झाले तर शाळा बंद. मग त्यांना धीर द्यावा म्हणून म्हणालो, "तुमचं नुकसान नाही, मास्तर. तुम्हाला जव्हारच्या मोठ्या शाळेत घेतील. सत्तर मुलांचा वर्ग. चार शिक्षकांची संगत. बाजार, माणसं. इथं एकटे राहून—"

मला वाटले होते, ते खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला.  छत्री उचलली, पुन्हा होती तिथे ठेवली, आणि हजेरीपट घेऊन कड्याकडे गेले.

मी या वेळी मास्तरांच्या मागे न थांबता पडवीत, मुलांच्या मध्ये जाऊन बसलो. तिथून दोन्ही बाजू मोजायला सोयीचे, एवढाच हेतू होता. अलीकडची तेरा झाली. मग मास्तरांनी दरीकडे पाठ केली, आमच्याकडे तोंड केले.

"लखमा वेडू!"

"हजऽऽर."

माझ्या भोवतीच्या तेरा माना एकदम खाली-वर झाल्या. मास्तरांनी खूण केली.

"रावजी काळू!"

पल्याडून काही आले नाही. सोमीने मान आडवी हलवली. तिच्या कडेवरच्या पोरानेही हलवली. मास्तरांनी गैरहजर लिहिले.

मग मला दिसले. मास्तर ऐकत नव्हते. मास्तर आमच्याकडे बघत होते. दरीकडे पाठ यासाठी होती. ही नम्रता नव्हती; हे त्यांचे कान होते, तेरा जोड्या, पडवीत रांगेने बसलेले. आणि मी ते शेऱ्याच्या रकान्यात घातले होते.

सकाळी अर्धी सोडलेली बेरीज आपोआप पुरी झाली. अर्धवट तोडलेले प्रश्न, न थांबणारे बोलणे, घरातल्या घरात गर्जणारा आवाज, जव्हारचे नाव काढताच उतरलेला चेहरा. जव्हारच्या सत्तर मुलांना मास्तरांसाठी मान हलवायचे कुणी सांगितले असते?

पुढची नावे होत गेली. दुसरा एक गैरहजर निघाला. दहा हजर झाले. शेवटचे नाव राहिले.

"बुध्या लाडक!"

धुके.  पडवीतल्या मुलांनाही चोवीसचा हिशेब माहीत होता. मी तो मास्तरांना एवढ्या मोठ्याने सांगितला होता की पल्याडच्यांनाही माहीत असावा. कुणी हलले नाही. मास्तर वाट पाहत होते. आमचे चेहरे वाचत होते.

एक मान उभी हलली असती की काम झाले असते. तेरा मुले होती. सगळ्यांना मास्तर हवे होते. कुणीही हलवली नाही. शेवटी सोमीने हळूच आडवी हलवली, आणि मास्तरांनी दौतीत टाक बुडवून, बुध्यापुढे, गैरहजर लिहिले.

तेवीस.

मास्तर पट मिटणार, इतक्यात धुक्याच्या पलीकडून, दुरून, धापा टाकत आवाज आला, "हजऽऽर! हजर हाय! शेतातल्या माळ्यावर हुतो, गुरजी!"

पडवी उसळली. माना हलू लागल्या, पोरे उभी राहिली, सोमीचा भाऊ घाबरून रडू लागला. मास्तरांनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"माना खाली!"

सगळे थिजले.

"हे कुणी शिकवलं? अं? मी शिकवलं? शाळा जाईल म्हणून खोटी मान? लेकांनो, मी मेलो तरी चालेल, खोटी मान नाही हलवायची!"

"खोटी नाय, गुरजी!" सोमी रडकुंडीला येऊन म्हणाली. "आला तो! आत्ता आला!"

मास्तरांना ते ऐकू आले नसावे. कळले मात्र असावे. ते वळले. त्यांना दरीकडे तोंड केलेले मी पहिल्यांदा पाहिले. समोर पांढरे धुके होते, दुसरे काही नाही. ते थोडा वेळ त्यात बघत राहिले. मग पुन्हा वळले, आणि मुलांवरून नजर काढून त्यांनी ती माझ्यावर ठेवली.

तोंडाने विचारायची सोय नव्हती. विचारले असते तर, मी ऐकले नाही, असे तपासणीच्या माणसासमोर म्हटल्यासारखे झाले असते. त्यांनी विचारले नाही. नुसते पाहिले.

मी ऐकले होते. तेव्हा मी मान हलवली. उभी, एकदा, नीट दिसेल अशी.

मास्तरांनी पट उघडला. बुध्यापुढचे 'गैर' खोडले. शाई थोडी पसरली. मी पुढे झालो, टाक मागून घेतला, आणि खाडाखोडीशेजारी माझी सही केली. सही नसलेली खाडाखोड ग्राह्य धरत नाहीत. सोळा वर्षांत मी सही केलेली ती पहिली.

मुले सुटली. धुके विरले, ऊन आले, दरी तळापर्यंत उघडी झाली. तिच्या तळाशी नदी, मधे कुठे कुठे पिवळे गवत, समोरच्या कड्यावर दोन-चार पोरे आणि मधोमध गोफण घेऊन उड्या मारणारा एक, तो बुध्या असणार. मास्तर आणि मी कड्याजवळच्या दगडावर बसलो.  मग ते बोलले, आणि हळू बोलले. म्हणजे त्यांच्या मानाने. पल्याडची पोरे वळून बघू लागली नाहीत, एवढे.

"तीन पावसाळे झाले, भाऊसाहेब. आधी पाखरं गेली. मला वाटलं, यंदा आलीच नाहीत. मग हिचं पाणी गेलं. मुलं शेवटी गेली."

मी त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणालो, "मुलांना तुम्ही सांगितलंत?"

"नाही. मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनी मला सांगितलं नाही. एक दिवस नावं घेता घेता बघतो तर माना हलतायत. कुणी ठरवलं, विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं."

मी विचार करीत होतो. जव्हारजवळच्या शाळांचे हजेरीपट माझ्या डोळ्यांसमोर आले. त्यांतल्या काहींत मेलेली मुले हजर असत. आणि इथे, एक मान खोटी हलवली तर शाळा वाचते हे ठाऊक असून तेरा पोरे दगडासारखी बसली. माझ्या उभ्या नोकरीत याहून खरा पट मी तपासला नव्हता, आणि तो बहिऱ्या माणसाने भरलेला होता.

माझ्या तक्त्यात रकाने चौदा होते. पट, हजेरी, इमारत, फळा, शाई, शिक्षकाची वर्तणूक, आणखी असेच. मी ते क्रमाने पाहिले. कानांचा रकाना नव्हता. जिथे रकाना नाही तिथे मी कधी काही लिहीत नाही. हजेरी चोवीस. सरासरी वीस. शेरा : 'पट समक्ष तपासला, बरोबर आढळला.'

निघायची वेळ झाली. मी उठलो तेव्हा मास्तरांनी माझी बाही धरली. दरीकडे हात केला आणि विचारले, "आता कशी वाजते हो?"

मला कळेना. मी तिला तीनदा पाहिली होती. तिची रुंदी, खोली, वाटेची पावले यांची माझ्याजवळ टिपणे होती. ती वाजते कशी, हे मी टिपलेले नव्हते. मी डोळे मिटून ऐकले. मग त्यांच्याकडे वळून म्हणालो, "पहाटे कुणी जात्यावर नागली दळत असावी, आणि मधेच थांबून, पोर उठलं का बघत असावी, तशी."

त्यांना पहिल्यांदा कळले नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी तिसऱ्यांदा सांगितले, सावकाश. मास्तरांनी मान हलवली.

"बरोबर," ते म्हणाले. "कार्तिकात अशीच वाजायची."

शाळा राहिली. पुढच्या वर्षी माझी फिरती बदलली आणि ती तपासणी दुसऱ्याकडे गेली. तरी फाल्गुनात मी चार दिवसांची रजा काढली. आमची मंडळी म्हणाल्या, "तपासणी नाही, काम नाही. तीच दरी पुन्हा काय बघायची?" मी म्हणालो, बघायला जात नाही. यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. किती, ते मी मोजले नाही.

पायवाटेवर चिंचोके खिशात टाकायचेही राहून गेले. पळस फुलले होते. मास्तर पडवीत उभे होते. मला पाहताच दोन्ही कड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऋतू चुकला, भाऊसाहेब!"

आणि त्यांनी आतून दोन पाट आणले. एक कड्याजवळ दरीकडे तोंड करून माझ्यासाठी मांडला. दुसरा त्याच्या समोर, स्वतःसाठी. त्यावर दरीकडे पाठ करून बसले, आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागले.